अठ्ठावन्न ओलांडल्यानंतर

अवधपुरी, भोपाळ
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. उजवा खांदा धरलाय, म्हणून यंदा वाकणं अर्धवटच झालं. चालवून घे.

फोनवर 'कशी आहेस' विचारलं की तू 'जेवले' म्हणतेस. परवा मी इतका ओरडलो की शेजारचे शुक्लाजी भांडण सोडवायला आले. तेव्हा आपलं पत्रच बरं. चार दिवसांत नागपूरला पोचतं आणि त्याला कमी ऐकू येत नाही.

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं, पण अक्षर वंदनाताईंचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले ना? अजून लिहायला बंदी? कुठले डॉक्टर आहेत हे? तळमजल्यावरून दोन जिने चढून तुझी पत्रं लिहिणाऱ्या वंदनाताईंना माझा नमस्कार सांग. (वंदनाताई, हे वाचूनही तुम्हीच दाखवत असाल, तर परस्पर घेऊन टाका.)

इथे सगळं ठीक. कमलचं मात्र एक नवीन खूळ आहे. संध्याकाळी आम्ही कॉलनीच्या पार्कात पाच फेऱ्या मारतो, तर म्हणते, "अहो, तुमचा डावा हात झुलतो आणि उजवा नुसता लटकतोय. दिखाओ ना किसी को!" बत्तीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बोर्डावर वाकून नकाशे काढले, खांदा आखडणार नाही तर काय होणार? तेल लावतोय.

तिच्या मनात काय आहे ते मला कळतं. तिने अण्णांचं पाहिलंय, श्यामदादाचंही पाहिलंय. पण आपल्या घरातला कंपवात अठ्ठावन्नाव्या वर्षी येतो. अण्णांच्या निवृत्तीच्या समारंभात कपबशी वाजायला लागली, तेव्हा ते अठ्ठावन्न. श्यामदादा शाळेतून निवृत्त झाला तेव्हा तोही अठ्ठावन्न. मला सहासष्ट पुरी झाली. माझ्या स्टेशनवर ती गाडी थांबलीच नाही. कमलला हे सांगितलं की ती पोळी लाटायला लागते.

तुझा,
मनू


नागपूर
१९ नोव्हेंबर २०२४

मनू,

तुला आशीर्वाद, कमलला त्याहून जास्त. ती बिचारी खुळी नाही.

मी सांगतेय आणि वंदनाबाई लिहिताहेत. तुझं पत्र त्यांनी वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर अडखळल्या. "ताई, अक्षर लागत नाही हो," म्हणाल्या. मग मी भिंग घेऊन स्वतः बघितलं. ओळ सुरू होते तेव्हा तुझं अक्षर असतं, संपते तेव्हा त्याचं अर्धंही उरलेलं नसतं. शेवटच्या पानावर सही आहे की शाईचा डाग, ते काही कळलं नाही.

तुझं अक्षर मला ठाऊक आहे. लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते घालायला सगळी बिऱ्हाडं तुला बोलवायची. खांदा आखडला तर अक्षर वाकडं होतं, लहान होत नाही. श्यामचं फळ्यावरचं अक्षर असंच बारीक होत गेलं होतं. मागच्या बाकावरची मुलं 'सर, दिसत नाही' म्हणून ओरडायची आणि तो त्यांनाच चष्मे लावायला सांगायचा.

मेंदूच्या डॉक्टरला दाखव. हाडाच्या नाही, मेंदूच्या. इतकंच.

ताई


अवधपुरी, भोपाळ
१२ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

हे पत्र नीट बघ आणि सांग, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एक तरी अक्षर लहान झालंय का? गेल्या वेळी पेन रद्दी होतं, बस. डोळ्यांना बंदी असताना भिंग घेऊन भावाच्या अक्षराची तपासणी करतेस, हे तुझ्या डॉक्टरांना कळवू का?

इंद्रपुरीत हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. खांदा आखडलाय, व्यायाम करा, म्हणाले. भिंतीवर बोटं चढवायची. रोज चढवतो.

ताई, तू तो विषय काढलास म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो. श्यामदादाच्या तेराव्याला आपण गच्चीवर उभे होतो, आठवतं? तू भांडी मोजून आली होतीस, पदराला हात पुसत होतीस. मी म्हणालो होतो, "ताई, आता तू सुटलीस. यापुढे आपल्या घरात कोणाला घास भरवायला तुला बसावं लागणार नाही." अण्णांची अकरा वर्षं तू केलीस. तुला बघायला आलेले अमरावतीचे लोक अण्णांची थरथर बघून चहा अर्धा टाकून उठले. मग श्यामदादासाठी भोपाळ सोडून नागपूरला गेलीस, तिथे दहा वर्षं. मी प्रत्येक दिवाळीला यायचो, चार दिवस राहायचो, रडायचो आणि परत जायचो. माझ्याकडून तेवढंच झालं.

पण तो शब्द मी दिलाय. अठ्ठावन्न ओलांडलं त्या दिवशी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले, ते काय उगाच? मला आता परत त्या रांगेत उभं करू नकोस.

तुझा,
मनू


नागपूर
२८ डिसेंबर २०२४

मनू,

तुझं सुंदर पत्र मिळालं. इतकं सुंदर की वंदनाबाईंनी ते कौतुकाने खिडकीपाशी धरलं. उजेडात दिसलं, प्रत्येक ओळीच्या वर एक आणि खाली एक पेन्सिलची फिकी रेघ. खोडली आहेस नीट, पण नवव्या-दहाव्या ओळीला राहून गेली. नकाशावर अक्षरं बसवायची ही तुमची रीत मला नवीन नाही. तू शिकत होतास तेव्हा घरभर असे रेघा आखलेले कागद पडलेले असायचे, मीच केर काढायचे. बहिणीला चार ओळी लिहायला ज्याला आधी रेघा आखाव्या लागतात, त्याचा खांदा आखडलेला नसतो. तुला ते माझ्या आधी कळलं होतं. म्हणून तर आखल्यास.

आता त्या अठ्ठावन्नाचं ऐक. कमलला जवळ बसव.

अण्णांचा जन्म एकोणीसशे सतराचा. शाळेत उशिरा घातले, म्हणून दाखल्यावर बावीस लावला, आणि तोच सरकारी नोकरीत चालला. नागपूरहून दफ्तर भोपाळला आलं, त्याच्याबरोबर ती तारीखही आली. समारंभात कपबशी वाजली तेव्हा अण्णा अठ्ठावन्न नव्हते, त्रेसष्ट होते. आईने मला सांगितलं आणि पेन्शन बंद होईल या भीतीने शपथ घातली. आता ते पेन्शन घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून बोलते.

श्यामची तारीख खरी होती, पण त्याचं पंचावन्नाव्या वर्षीच सुरू झालं. तीन वर्षं त्याने हात खिशात ठेवून काढली. नोकरी पुरी झाल्यावर तुम्हा सगळ्यांना सांगितलं, म्हणून तुमच्या लेखी अठ्ठावन्न. मला माहीत होतं. त्याने गळ घातली आणि मी गप्प बसले. ती तीन वर्षं त्याला गोळ्या मिळाल्या असत्या, रे. त्याचा राग मला अजून येतो. त्याचाही आणि माझाही.

आणि तू! तुला शाळेत घालायला मी नेलं होतं. मी बारा वर्षांची. आई तापाने पडलेली, अण्णा ऑफिसात. हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईने आपल्या मुलाची 'एक जुलाई' सांगितली होती, मीही तीच सांगितली. वर्ष विचारलं तर घाबरले आणि दोन पुढचं सांगून बसले. घरी आल्यावर अण्णा ओरडतील असं वाटलं होतं, ते खूश झाले. म्हणाले, नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतील. घरातही तीच तारीख आणि तेच वर्ष चालू ठेवायचं ठरलं, नाहीतर पोर शाळेत बोलून टाकेल. तू छप्पनच्या डिसेंबरातला आहेस. पेढे वाटलेस तेव्हा साठी उलटून गेली होती, आणि या महिन्यात तू अडुसष्टचा झालास. उशिरा का होईना, शुभेच्छा.

तेव्हा अठ्ठावन्नाचं काही खरं नव्हतं. कोणाला लवकर, कोणाला उशिरा. ज्याच्या भरवशावर तू डॉक्टरकडे जात नाहीयेस, तो आकडा शाळेच्या कारकुनांनी आणि माझ्यासारख्या खोटारड्यांनी बनवलाय.

मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन ये. तोपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

ताई


अवधपुरी, भोपाळ
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

जाऊन आलो, म्हणून लिहितोय. याही पत्रात रेघा आहेत, पण या वेळी खोडल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, रेघा आखून लिहीत जा, मदत होते.

तुझं पत्र मी चार दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मग कमलने अपॉइंटमेंट घेतली आणि मला फक्त 'चला' म्हणाली.

पस्तिशीतली मुलगी आहे डॉक्टर. मला व्हरांड्यात चालायला लावलं. अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. मग कागद पुढे सरकवला आणि आतून बाहेर गोल गोल रेघ काढत न्या, म्हणाली. मी मनात हसलो. बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? काढलं ते बघितलं आणि कमल खिडकीबाहेर बघायला लागली. एवढुसं, चुरगळलेलं काहीतरी झालं होतं. तिथे मला कळलं. पुढे डॉक्टरने नुसतं नाव सांगितलं.

मग घरच्यांचं विचारलं. वडिलांना झालं होतं, भावाला झालं होतं. "किस उम्र में शुरू हुआ?" मी विचारलं, "काग़ज़ पे या असली?" तिने पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, तुझी एक जुलाईसुद्धा. खूप हसली. म्हणाली, "अंकल, ऐसे कितने ही लोग आते हैं. और उम्र का तो ये है कि अब मेरे पास सत्तर-पचहत्तर में शुरू होने वाले ज़्यादा आ रहे हैं. लोग जी ज़्यादा रहे हैं ना. पहले उस उम्र तक पहुँचते ही कितने थे?" आपल्या घराण्यात काही असेल किंवा नसेलही, पण अमुक वर्षी येणार आणि ते टळलं की सुटलो, असं काही नसतं, हे तिने मला दोनदा समजावलं. मी विचार करत होतो, आजोबा पन्नाशीतच गेले. अजून पंधरा वर्षं जगले असते तर कोण जाणे.

दिवसातून तीनदा गोळी, जेवणाच्या तासभर आधी. तीन आठवडे झाले. शर्टाची बटणं परत लावता येतात. खरंच फरक आहे. चार महिने तेल चोळत बसलो नसतो तर, असं कमल रोज एकदा म्हणते.

आता एकच मागतो. तू येऊ नकोस. मला तुझा स्वभाव माहीत आहे, हे वाचता वाचता तू पिशवी भरायला घेशील. दोघांचं केलंस. तिसऱ्याचं मी करू देणार नाही. हे लिहिताना मला रडू आलं, ते लपवत नाही.

तुझा,
मनू


नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

मनू,

येत नाही. निश्चिंत राहा. गोळ्या वेळेवर घे.

वाचून मी देवापुढे दिवा लावला. तू आजारी आहेस म्हणून नाही, खरं बोललास म्हणून.

पण तुझं एक मला पटत नाही. माझं आयुष्य अण्णांनी आणि श्यामने खाल्लं, असं तू धरून बसला आहेस. राग यायचा, नाही कशाला म्हणू? एकदा मी अण्णांपुढे ताट आपटलं होतं. वरण भिंतीवर उडालं. ते थरथरत्या हाताने भिंत पुसायला लागले. मग आम्ही दोघं मिळून पुसत बसलो आणि मला हसू फुटलं, त्यांनाही. असंही होतं त्या वर्षांत. चालताना त्यांचं पाऊल दारात अडायचं, तेव्हा मी कवायतीसारखं 'एक, दोन' म्हणायचे आणि ते खुशाल पलटणीत असल्यासारखे निघायचे. माझं आयुष्य दुसरीकडे कुठे राहिलं नव्हतं, तिथेच चाललेलं होतं. आणि अमरावतीकरांचं म्हणशील तर दोन दिवस वाईट वाटलं. त्या मुलाचं हसणं मला तसंही आवडलं नव्हतं.

माझे डोळे बरे आहेत. काळजी करू नकोस.

ताई

(पाकिटात वेगळी घडी घातलेली चिठ्ठी)

मनोहरराव, नमस्कार.

मी वंदना. ताईंना न विचारता ही चिठ्ठी आत घालते आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलंच नाही. ताईंचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. ऑगस्टमध्ये मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. तुम्हाला सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं, कंपवात, त्र्याहत्तराव्या वर्षी. पेन धरवत नाही, म्हणून पत्रं मी लिहिते. तुम्हाला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. "मनूला वाटतं तो सुटलाय. माझं कळलं की तो परत मोजायला लागेल," असं म्हणाल्या होत्या. नंतर तुमच्या पत्रावरून तुमचं लक्षात आलं, तेव्हा माझ्याकडून लिहून घेताना त्या मध्ये मध्ये थांबत होत्या.

गोळ्या कधी घेतात, कधी विसरतात. तीन फेब्रुवारीला न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही. मी यवतमाळला लेकीकडे गेले होते. दोन तास त्या तिथेच होत्या.

एप्रिलमध्ये मी लेकीकडे कायमची राहायला जाते आहे. हे ताईंना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

वंदना


अवधपुरी, भोपाळ
१ मार्च २०२५

ताई,

वंदनाताईंनी मला सगळं कळवलं. त्यांच्यावर रागावायचं नाही. त्या एप्रिलमध्ये लेकीकडे जाताहेत, तेही मीच सांगून टाकतो.

मला 'खांदा आखडलेला नसतो' म्हणून खडसावणारी तू! श्यामदादाच्या तीन वर्षांचा राग येतो म्हणतेस आणि स्वतः सहा महिने मोतीबिंदू काढत बसलीस. त्या आनंदात माझ्याकडे पेढे आले नाहीत एवढंच.

राग इथे संपला. आता नीट ऐक.

तू येऊ नकोस असं मी लिहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तू उशाशी बसलेली होतीस आणि मी पडलेला. दुसरं काही मला दिसतच नव्हतं. चिठ्ठी वाचली आणि तू न्हाणीघरात खाली बसलेली दिसलीस. तेव्हापासून दुसरं काही दिसत नाही.

मला भीती वाटते ताई. सकाळी जाग आली की आधी हाताकडे बघतो. कमलला सांगितलं तर ती घाबरते आणि मग मलाच तिला धीर द्यावा लागतो. डॉक्टरला सांगितलं तर ती गोळी वाढवते. ही भीती काय असते ते तुला सांगायची गरजच नाही, तू तीच घेऊन उठत असशील. मला तुझ्याकडून सेवा नको. सकाळी कोणीतरी समोर चहा घेऊन बसलेलं असावं, ज्याचाही कप वाजतोय, एवढंच मला हवंय.

कमलला म्हटलं, ताईला आणू या का? तर माझ्यावरच उखडली. "कमाल आहे तुमची, आतापर्यंत थांबलात कशाला? दोघांच्या गोळ्यांची वेळ एकच ठेवू. मला दोनदा ओरडायला लागायला नको, बस." घर तळमजल्यावर आहे, ते तुला माहीतच आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले. एक माझ्या उंचीचा, एक तुझ्या. मिस्त्रीला माप काढून दिलं.

पण मी तुला उचलून आणणार नाही. तुझं सगळं आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलं आणि तू 'बरं' म्हणालीस. आईने शपथ घातली, बरं. श्यामदादाने गळ घातली, बरं. मी 'येऊ नकोस' म्हणालो, तरी बरं. तू कधी कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. या वेळी तू सांग. नाही म्हणालीस तर मी आणि कमल नागपूरला येऊन काहीतरी सोय लावून देऊ, आणि मी रुसणार नाही. रुसेन, पण कळवणार नाही.

वाट बघतोय.

मनू


नागपूर
११ मार्च २०२५

मनू,

हे मी स्वतः लिहितेय. वंदनाबाई समोर बसल्या आहेत, पण त्यांना पेनला हात लावू दिला नाही. आज तिसरा दिवस. वाचता आलं नाही तर कमलकडून वाचून घे.

न्हाणीघरात पडले तेव्हा दुखलं फारसं नाही. उठता येत नव्हतं. हाक मारायची असं ठरवलं आणि कोणाला मारायची ते सुचेना. जन्मभर मला हाका आल्या. 'लीले, पाणी.' 'लीले, कूस बदल.' रात्रीबेरात्री झोपेतूनसुद्धा मी 'आले' म्हणून उठायचे. मला स्वतः कोणाला हाक मारायची सवयच नव्हती. आधी आईला मारली. ती तर कधीच गेली. श्यामला मारली, तोही नाही. मग तुझं नाव घेतलं. भोपाळपर्यंत ऐकू जाणार नाही, एवढं कळत होतं. तरी दोन तास घेत राहिले. वेळ गेला.

तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं, ते तुझ्यासाठी, असं मी मला सांगत होते. ते सगळं खरं नाही. मला लाज वाटत होती. करणारी बाई पडून राहिली तर तिचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नाही.

तिकिटं काढशील तेव्हा दोन्ही खालचे बर्थ बघ. वर चढण्यासारखं आता आपल्यात कोणी नाही. सामान फार नाही, दोन पिशव्या आणि देव.

मनू, मला घेऊन जा.

ताई